संमतीपत्रात न मावणारा समाज

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात आहेत, ही बातमी एप्रिल २०१९ मध्ये देशभर पोचली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. जूनमध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांमधले वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्यामुळे या आकड्यांचा थेट भागाकार करू नये. तरीही वयाचा फरक कितीही धरला, तरी एवढी तफावत त्याने मिटेल असं वाटत नाही. आणि ही गोष्ट एकट्या बीडची मानण्यातही चूक आहे. शहागडच्या पुलाशी गोदावरीच्या अलीकडे जालन्याचं अंबड आणि पलीकडे बीडचं गेवराई. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतूनही दर दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. टोळ्या नेणारे मुकादम तसेच, त्यांच्याकडून हंगामाआधी घेतलेली उचल तशीच, फडातलं काम तेच. जिल्ह्याची हद्द महसूल खात्याची आहे, श्रमाच्या बाजाराला ती ठाऊक नाही.

या प्रकरणाकडे जैवनीतिशास्त्र कसं पाहतं? वैद्यकीय नीतीची जी चौकट जगभर शिकवली जाते, ती टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस यांच्या १९७९ च्या ग्रंथातून रूढ झाली. रुग्णाची स्वायत्तता जपा, हित साधा, अपाय टाळा, न्याय करा, ही तिची चार तत्त्वं. ही चौकट घेऊन एखाद्या रुग्णालयाचे कागद तपासले, तर बहुतेक वेळा काय हाती लागेल? केसपेपरवर पांढरं जाणं, पोटात दुखणं, अंगावरून जास्त जाणं अशा तक्रारी, जोडलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट, संमतीपत्रावर बाईचा अंगठा किंवा सही आणि शेजारी नवऱ्याची सही. तपासणाऱ्याने मग एक तर ‘कागद नीट आहेत’ म्हणून फाइल मिटायची, नाही तर ‘डॉक्टर लोभी आहे’ म्हणून एका माणसावर ठपका ठेवायचा. दोन्ही निष्कर्षांत काहीतरी निसटतं. या सहा जणींतल्या एकीने सही करण्याआधी तिच्यापुढे कोणते पर्याय होते, ते कुणी आखले, आणि ती नाही म्हणाली असती तर त्याची किंमत कुणी मोजली असती, हे संमतीपत्रात कुठेच येत नाही. समाजशास्त्र इथून सुरू होतं. जैवनीतीच्या संशोधनात त्याचं काम नीतिज्ञाने केलेल्या विचाराला माणसांच्या गोष्टी जोडून देण्याचं नाही. अन्याय नेमका कुठे घडतो आहे हे दाखवणं, ही त्याची जागा आहे, आणि ती न मिळाल्यामुळे आपल्याकडचं नीतिपरीक्षण फार वेळा चुकीच्या दाराशी उभं राहतं.

फडातला दिवस जवळून पाहिला, की हे ध्यानात येतं. ऊसतोडीत मजुरीचा हिशेब एका माणसाचा नसतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावावर उठते, पण ती बहुधा नवऱ्याच्या हातात जाते, आणि पुढचे पाच-सहा महिने दोघांच्या श्रमातून फिटते. पहाटे अंधारात उठून स्वयंपाक, मग फडात ऊस सोलणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणं हे बाईचं काम. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला पालं, आडोशाला ऊस, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला आणि वाळवायला जागा नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत वाढतो. दिवसाला पाचशे रुपयांपासून पुढे दंड लावला जात असल्याचं २०१९ मध्ये बातम्यांतून आलं होतं. जोडीतली एक व्यक्ती बसली तर दोघांची मजुरी बुडते. लग्न लवकर झालेलं, पंचविशीच्या आत दोन-तीन मुलं आणि बहुतेक वेळा नसबंदीही झालेली. या सगळ्यात वारंवार होणारा जंतुसंसर्ग सांभाळत राहणं म्हणजे दर महिन्याला नुकसान. गावाकडे परतल्यावर डॉक्टरने ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं, की एकदाच खर्च करून मोकळं होण्याचा हिशेब घरात मांडला जातो. तो खर्चही पुन्हा मुकादमाकडून उचलून भागवला जातो आणि पुढच्या हंगामाचं बंधन वाढतं. शस्त्रक्रियेत बीजाशयंही काढली गेली असतील, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे सगळं सोसायचं त्याच अंगाने, ज्याने पुढची वीस वर्षं मोळ्या वाहायच्या आहेत.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. या बायका अज्ञानी नाहीत, त्यांनी विचार करून निर्णय घेतला, अनेकींनी तर स्वतःहून डॉक्टरांकडे मागणी केली. मग ‘त्यांच्यावर लादलं गेलं’ असं म्हणणं म्हणजे त्यांची बुद्धी नाकारणंच झालं. आक्षेप खरा आहे. त्यांनी विचार केला, आणि हातात असलेल्या पर्यायांत तो विचार अगदी चोख होता. समाजशास्त्र ही गोष्ट नाकारत नाही, उलट ठामपणे मांडतं. मात्र निर्णय शहाणपणाचा असणं आणि परिस्थिती न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईची संमती खरी मानली, म्हणून खाड्याचा दंड न्याय्य ठरत नाही, फडाजवळ पाणी नसणं न्याय्य ठरत नाही, आणि पांढरं जाण्यावर औषधांचा साधा उपचार देणारी डॉक्टर तिच्या तालुक्यात सहजी न भेटणं तर अजिबातच नाही. दोष बाईच्या डोक्यातून काढून तो दंड ठरवणाऱ्याकडे, कारखान्याकडे आणि आरोग्य खात्याकडे नेता येतो, तो या विश्लेषणामुळेच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश राज्यांना दिला. त्याआधी बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली होती. दोन्ही पावलं आवश्यक होती. पण दोन्ही रुग्णालयाच्या दारात सुरू होतात आणि तिथेच संपतात. परवानगी जिल्ह्यापुरती असते आणि एसटी मात्र शहागडच्या पुलावरून पलीकडे जाते. बीडमधला आकडा खाली आला तर शस्त्रक्रिया खरोखर कमी झाल्या की शेजारच्या जिल्ह्यांत सरकल्या, हे जालन्याच्या नोंदी सोबत ठेवल्याशिवाय कळायचं नाही.

जैवनीतीचं लक्ष एकट्या व्यक्तीवर का खिळलं, याला इतिहास आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली आणि ‘स्वेच्छेने दिलेली संमती’ हे तिचं पहिलं कलम झालं. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत ३९९ सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना केवळ निरखत ठेवलं गेलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही ते त्यांना दिलं नाही. हे उघड झाल्यावर १९७९ चा बेलमॉन्ट अहवाल आला. एकट्या माणसाला सत्तेपासून वाचवायचं, तर त्याच्या हातात ‘नाही’ म्हणण्याचा हक्क द्यायचा, ही त्या काळाची गरज होती आणि आजही तो हक्क सोडून चालणार नाही. पण टस्कीगीतले ते लोक कोण होते? गरीब कृष्णवर्णीय, बहुतेक कुळाने शेती करणारे, डॉक्टर क्वचितच पाहिलेले. त्यांची निवड योगायोगाने झाली नव्हती. रेने फॉक्स यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी पुढची काही दशकं हेच दाखवून दिलं, की अमेरिकी जैवनीती स्वायत्ततेवर एवढी भाळली, की माणसामाणसांतली नाती, परस्परांवरचं अवलंबन आणि सामाजिक विषमता तिच्या नजरेतून सुटली. आपल्याकडेही ही जाणीव आयात करावी लागलेली नाही. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी वैद्यकीय नीतीवरचं नियतकालिक सुरू केलं होतं. आज ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखलं जातं.

तत्त्वज्ञानाचे अभ्यासक इथे वेगळा मुद्दा काढतात. समाजशास्त्र ‘काय आहे’ ते सांगतं, नीती ‘काय असावं’ ते सांगते, आणि पहिल्यावरून दुसरं निघत नाही. ऊसतोड बायकांच्या शंभर मुलाखती घेतल्या तरी त्यातून कर्तव्य काय ते ठरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तर्क म्हणून हे बरोबर आहे, आणि समाजशास्त्राने नैतिक निवाड्याचा मक्ता घ्यावा असं कुणी म्हणतही नाही. प्रश्न असा, की निवाडा कशाबद्दल द्यायचा हे कोण सांगणार? ‘अपाय टाळा’ हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. पण अपाय म्हणजे केवळ टाक्यांमधला संसर्ग, की पुढच्या हंगामाची वाढलेली उचलसुद्धा? दुसरी गोष्ट अपायात मोजायची ठरवली, तरी ती घडते आहे हे आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. न पाहिलेल्या अपायावर कुठलंही तत्त्व लागू होत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मराठवाड्यातच सापडतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल एक प्रचंड चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ समूह पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका चार गटांत विभागल्या. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, आणि चौथ्या, ३१,४८८ बायकांच्या गटाला नेहमीची व्यवस्था. तिथल्या नेहमीच्या व्यवस्थेत तपासणी जवळपास नव्हतीच. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे सिद्ध झालं. आज जगभर एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिलं जातं, त्यामागच्या पुराव्यांत या अभ्यासाचं वजन मोठं आहे. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये या चाचणीवर आणि मुंबई व तमिळनाडूतल्या तशाच अभ्यासांवर कडाडून टीका केली. तपासणीने कर्करोग टळतो हे आधीच ठाऊक असताना तपासणी न मिळणारा गट ठेवायचा कशाला, असा त्यांचा सवाल होता.

संशोधकांच्या बाजूने दिलं गेलेलं उत्तरही हलकं नव्हतं. भारतात तपासणीचा कार्यक्रमच अस्तित्वात नव्हता, त्यामुळे चौथ्या गटातल्या बायकांकडून काहीही काढून घेतलेलं नाही, आणि पुराव्याशिवाय सरकार पैसा घालणार नाही, असं ते होतं. कागदावर पाहिलं तर दोन्ही बाजू एकमेकींना तोडीस तोड आहेत. समाजशास्त्राची दृष्टी इथे वाद मिटवत नाही, पण प्रश्न बदलते. ‘तिथली प्रचलित व्यवस्था’ ही काय पाऊसपाण्यासारखी निसर्गाने ठरवलेली गोष्ट होती का? प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्रामीण बाईकडे कुटुंब नियोजनाच्या आणि बाळंतपणाच्या पलीकडे पाहिलं जात नव्हतं, म्हणून तपासणी नव्हती. वंचनेचीच पातळी धरून तुलनागट आखला, की वंचना विज्ञानाची सोय होते. अशा वेळी ‘काही काढून घेतलं नाही’ एवढं उत्तर पुरत नाही. निष्कर्ष निघाल्यावर तो याच गावांपर्यंत आणि यांच्यासारख्या हजारो गावांपर्यंत किती वर्षांत, कुणाच्या पैशाने पोचणार, हे आधी ठरवून घ्यायला हवं होतं. पुढे काय झालं ते आकडेच सांगतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात २ टक्केही भरल्या नाहीत. पुरावा धाराशिवच्या बायकांच्या शरीरातून आला आणि दहा-बारा वर्षांनंतरही मराठवाड्यातली बाई ‘कॅन्सर होईल’ या भीतीपोटी तपासणीऐवजी गर्भाशयच काढून टाकत राहिली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मोडत नाहीत. तपासणी नसलेल्या प्रदेशातच कर्करोगाची भीती विकता येते.

समाजाचा विचार करायचा म्हटलं, की आणखी एक शंका पुढे येते. मग व्यक्तीच्या संमतीचं काय? उद्या कुणी म्हणेल, आमच्यात बायकांना विचारायची रीत नाही, सरपंचाने हो म्हटलं ते पुरे. या भयाला आधार आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा आश्रमशाळांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. प्रकल्प २०१० मध्ये थांबवला गेला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. पण ही समाजशास्त्र जास्त झाल्याची खूण नव्हे, ते नसल्याची आहे. समाज समजून घेणाऱ्याला पहिली गोष्ट कळते ती ही, की ‘गाव’ नावाचा एकसंध जीव नसतो. घनसावंगी किंवा मंठ्यातल्या एखाद्या गावात मूळ गाव वेगळं, दलित वस्ती वेगळी आणि दोन किलोमीटरवरचा बंजारा तांडा वेगळा. ग्रामपंचायत एक असली तरी पाण्याची टाकी कुठे आहे आणि नर्सबाई कुठपर्यंत जाते, यावरून सत्तेची रेघ दिसते. सरपंचाची परवानगी गावात शिरायला लागते, पण ती तांड्यावरच्या सासुरवाशिणीच्या वतीने दिलेली संमती होत नाही. वसतिगृहातली मुलगी अधीक्षकाला नाही म्हणू शकते का, हा प्रश्न संशोधनाची नीती तपासणाऱ्या एथिक्स कमिटीतल्या कुणी आधी विचारला असता, तर त्या सह्या चालल्याच नसत्या.

प्रश्न योग्य माणसाकडून सुरू झाला तर संशोधन कसं वेगळं होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या दहातही एक भरत नव्हती. ग्रामीण बाईच्या आरोग्याचा अर्थ गर्भनिरोधन आणि प्रसूती एवढाच लावणाऱ्या जगाला या अभ्यासाने धक्का दिला. तपासणीचं तंत्र त्यात नवं नव्हतं. बायका आपसात ज्या दुखण्यांबद्दल बोलत होत्या आणि दवाखान्यात ज्यांना नाव नव्हतं, ती दुखणी मोजायची ठरवणं, ही त्यातली नवी गोष्ट होती. काय मोजायचं हे ठरवणं हाच पहिला नैतिक निर्णय असतो, आणि तो एथिक्स कमिटीपुढे अर्ज येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो.

समाजाचा अभ्यास करणारे स्वतः निर्दोष असतात, असं मात्र नाही. २०१९ नंतर मराठवाड्यातल्या गावांत पत्रकार, संस्था, विद्यार्थी यांची रीघ लागली. ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं’ अशा धाटणीची वर्णनं देशोदेशी छापली गेली. ज्या बाईने मुलाखत दिली तिने स्वतःपुरती संमती दिली असेल, पण गावावर बसलेल्या शिक्क्याला गावातल्या कुणीही संमती दिली नव्हती. ज्या घरात लग्नाच्या मुली आहेत, ज्या टोळीला पुढच्या वर्षी मुकादमाकडून उचल घ्यायची आहे, त्यांना हा शिक्का भोवतो. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा समजही शहरी आहे. ‘वय ३१, तीन मुलं, शस्त्रक्रिया नसबंदीनंतर चार वर्षांनी, नवरा ट्रॅक्टर चालवतो’ एवढं लिहिलं, की चाळीस घरांच्या तांड्यावर पोरसुद्धा सांगेल ती कोण. ‘सेहत’च्या २००० सालच्या त्या मार्गदर्शक तत्त्वांचं महत्त्व इथे आहे. प्रश्न विचारणं हीसुद्धा एक प्रक्रिया आहे आणि सुई न टोचता जखम करता येते, हे त्यांनी आरोग्यातल्या सामाजिक संशोधकांना बजावलं.

नियमांत समाजशास्त्राला जागा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीत सात ते पंधरा सदस्य असावेत, त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि त्यात कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक यांच्याबरोबर समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा नीती यांतला माणूस हवा. २०१९ च्या नव्या औषधं व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनी हे कायद्याच्या भाषेत आणलं आणि जैववैद्यकीय संशोधन पाहणाऱ्या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी सक्तीची केली. जालना जिल्ह्यात आता हा विषय दूरचा राहिलेला नाही. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४-२५ पासून जालना शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. पदव्युत्तर शिक्षणाबरोबर प्रबंध येतात, प्रबंधांबरोबर रुग्ण आणि नोंदी, आणि त्यांच्याबरोबर समितीसमोरचे अर्ज. समितीतल्या त्या खुर्चीवर कोण बसतं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. अनेक ठिकाणी सामाजिक सदस्याकडे मराठी संमतीपत्राची भाषा सोपी झाली का, एवढंच पाहायला दिलं जातं. त्यामुळे वेळ वाचतो, आणि वेळेचा युक्तिवाद डॉक्टर करतात तो खोटा नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अर्ज अडकून पडणं परवडत नसतं. पण सामाजिक प्रश्न शेवटी विचारले की उशीर होतो. अभ्यासाचा आराखडा बनतानाच ते विचारले तर उशीर टळतो, आणि आराखडाही सुधारतो.

एक साधं उदाहरण घ्या. जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने मंठा तालुक्यातल्या स्त्रियांच्या पाळीच्या आरोग्याचा अभ्यास करायचं ठरवलं आणि सोयीनुसार डिसेंबर-जानेवारीत गावोगाव जाऊन माहिती घेतली. त्या महिन्यांत ज्यांना सर्वाधिक त्रास आहे त्या बायका सातारा, सांगली, कोल्हापूर नाही तर बेळगावकडच्या फडांत असतात. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, शेतकरी घरातल्या आणि नोकरदारांच्या बायका मोजून तालुक्याचा आकडा निघेल आणि तो हमखास चुकीचा असेल. ज्याला फक्त नीतीचा दोष म्हणावा तो इथे विज्ञानाचाही दोष आहे. हंगामाचं गणित ठाऊक असलेला माणूस समितीत असेल, तर तो सांगेल की पाहणी उन्हाळ्यात ठेवा, मुलाखती नवरा आणि मुकादम यांच्यापासून दूर घ्या, रुग्णालयाच्या नोंदी बीड आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने पडताळा, आणि तक्रार सांगणाऱ्या बाईला उपचार कुठे मिळणार हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी लिहून द्या. परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाचा लाभ समुदायापर्यंत परत पोचवण्याची अपेक्षा स्पष्ट आहे, आणि समितीला विषयातल्या जाणकारांना किंवा समुदायाच्या प्रतिनिधीला निमंत्रित करता येतं. ऊसतोड केलेली एखादी बाई अशा बैठकीला बोलावली, तर निष्कर्ष गावाला कधी सांगायचे हेही तीच सांगेल. पावसाच्या आगेमागे मुकादम उचल वाटायला लागतात. खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतली सुट्टी, पालांजवळचं पाणी आणि शौचालय यांवर घासाघीस करायची तर ती पैसे घेण्याआधीच करावी लागते. म्हणून अहवाल जूनच्या आधी तांड्यावर मराठीत आणि बंजारा बोलीत वाचून दाखवला जावा, आणि त्याची प्रत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावरही त्याच आठवड्यात पोचावी.